निवडणूकपूर्व नागरिक-संवाद : मुंबई उपनगरातील एका लोकशाही प्रथेची समीक्षा

प्रस्तावना

महानगरपालिकेची निवडणूक जवळ आली की मुंबईच्या उपनगरांत दोन प्रकारच्या सभा सुरू होतात. पहिला प्रकार राजकीय पक्षांच्या प्रचारसभांचा. त्यांवर वृत्तपत्रांतून आणि अभ्यासकांकडून पुष्कळ लिहिले जाते. दुसरा प्रकार लहान आणि काहीसा दुर्लक्षित आहे. गृहनिर्माण संस्थेचे आवार, शाळेचे सभागृह, गणेशोत्सव मंडळाचा मांडव, वस्तीतील समाजमंदिर अशा ठिकाणी तीस-चाळीस ते दोन-तीनशे माणसे जमतात. आपल्या प्रभागाचे प्रश्न कोणते, उमेदवार कोण आहेत, मत देण्यापूर्वी काय तपासावे, याची तेथे चर्चा होते. अशा सभांना कधी 'मतदार जागृती', कधी 'उमेदवारांशी संवाद', तर कधी 'नागरिकांचा जाहीरनामा' असे नाव दिले जाते.

प्रस्तुत निबंधात या प्रथेची समीक्षा करण्याचा प्रयत्न केला आहे. अशा संवादांचे कौतुक करणे सोपे आहे, कारण त्यांमागील हेतू बहुधा निर्मळ असतो. तथापि हेतूच्या निर्मळतेवरून प्रथेचे मूल्य ठरवता येत नाही. मतदाराची 'तयारी' म्हणजे नेमके काय, ती कोणाची होते आणि निवडणुकीनंतर त्या तयारीचे काय होते, या तीन प्रश्नांच्या आधारे अंधेरी, घाटकोपर, बोरिवली, मुलुंड आणि लगतच्या उपनगरांतील अनुभवाचा येथे विचार केला आहे.

१. पार्श्वभूमी : उपनगर आणि सभेची परंपरा

मुंबईची उपनगरे महानगरपालिकेच्या हद्दीत टप्प्याटप्प्याने आली. १९५० मध्ये पश्चिमेकडे जोगेश्वरीपर्यंत व पूर्वेकडे भांडुपपर्यंत आणि १९५७ मध्ये अनुक्रमे दहिसर व मुलुंडपर्यंत हद्द वाढली. त्यापूर्वी यांपैकी अनेक ठिकाणी ग्रामपंचायती वा लहान नगरपालिका होत्या. म्हणजे आज 'प्रभाग' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कित्येक वस्त्यांना एकेकाळी स्वतःचे निर्वाचित मंडळ होते आणि त्या मंडळाचा सदस्य मतदाराला हाकेच्या अंतरावर भेटत असे. हद्दवाढीनंतर उपनगराला मोठी महानगरपालिका मिळाली, परंतु हे अंतर वाढले. नागरिक-संवादाच्या प्रथेकडे हे अंतर भरून काढण्याचा प्रयत्न म्हणून पाहता येते.

या प्रथेमागे सभेच्या दोन मराठी परंपरा दिसतात. एक व्याख्यानमालेची. पुण्यातील वसंत व्याख्यानमालेपासून रुजलेला हा प्रकार उपनगरांतही फुलला. विलेपार्ले येथील १९२३ मध्ये स्थापन झालेल्या लोकमान्य सेवा संघासारख्या संस्थांनी तो जोपासला. या परंपरेत वक्ता बोलतो, श्रोते ऐकतात आणि शेवटी वेळ उरल्यास प्रश्न विचारले जातात. दुसरी परंपरा मोर्चाच्या आधी होणाऱ्या बैठकीची. गोरेगावातील मृणाल गोरे यांचे सार्वजनिक कार्य हे तिचे सर्वपरिचित उदाहरण होय. १९६१ मध्ये त्या महानगरपालिकेवर निवडून आल्या. पाण्याच्या प्रश्नावरील लढ्यांमुळे 'पाणीवाली बाई' हे नाव त्यांना लोकांनीच दिले. या परंपरेत प्रश्न आधी येतो, प्रतिनिधी नंतर. नळाला पाणी का येत नाही, याची चर्चा करता करता पाणी कोणाच्या अखत्यारीत आहे, जलवाहिनी कोठून येते, अर्ज कोणाकडे करावा, हे सारे शिकले जाते. मतदानाची तयारी हे तिचे घोषित उद्दिष्ट नसते. तरीही ती तयारी तेथेच पक्की होते.

अलीकडच्या काळातील निवडणूकपूर्व संवादाने यांपैकी पहिल्या परंपरेचा आकृतिबंध मोठ्या प्रमाणावर उचलला आणि दुसरीचा आशय बराचसा मागे ठेवला, असे या निबंधाचे प्रतिपादन आहे.

२. १९९० नंतरचा टप्पा : व्यवस्थापन, माहिती आणि उमेदवार

चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने (१९९२) नागरी स्थानिक संस्थांना घटनात्मक स्थान दिले. तीन लाख वा त्याहून अधिक लोकसंख्येच्या नगरांत प्रभाग समित्यांची तरतूद केली. त्याच दशकात मुंबईत नागरिक संघटनांची एक नवी पिढी उभी राहिली. घाटकोपर पूर्वेतील जोशी लेनमध्ये रहिवाशांनी स्वच्छतेसाठी केलेल्या प्रयोगातून प्रगत परिसर व्यवस्थापन अर्थात 'एएलएम' ही कल्पना पुढे आली. १९९७ च्या सुमारास महानगरपालिकेने ती स्वीकारली. कचऱ्याचे वर्गीकरण, पदपथ, झाडे, गटारे यांवर देखरेख करणारी ही मंडळे पुढे अनेक ठिकाणी निवडणूकपूर्व संवादांची यजमान झाली. १९९९ मध्ये स्थापन झालेल्या 'अग्नी' या संस्थेने अशा मंडळांना जोडण्याचे आणि मतदार व उमेदवार यांना समोरासमोर आणण्याचे काम केले. प्रजा फाउंडेशनने लोकप्रतिनिधींच्या सभागृहातील कामगिरीची प्रगतिपुस्तके प्रसिद्ध केली.

या टप्प्याला न्यायालयीन निर्णयांचेही बळ मिळाले. २००२ व २००३ मधील सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयांमुळे उमेदवाराची गुन्हेगारी पार्श्वभूमी, मालमत्ता आणि शिक्षण यांची माहिती शपथपत्राद्वारे जाहीर करणे बंधनकारक झाले. तोपर्यंत कुजबुजीच्या पातळीवर असलेली माहिती कागदावर आली आणि सभेत हातात धरून वाचता येऊ लागली. ही उपलब्धी लहान नाही.

परंतु माहितीचे स्वरूप संवादाचे स्वरूपही ठरवते. शपथपत्र उमेदवाराविषयी सांगते, पदाविषयी सांगत नाही. परिणामी मतदाराच्या तयारीचा अर्थ 'उमेदवाराची पारख' इतका मर्यादित होत गेला. एका व्यासपीठावर पाच-सहा उमेदवार, प्रत्येकाला ठरावीक मिनिटे, नंतर चिठ्ठ्यांवर लिहिलेले प्रश्न, हा आराखडा रूढ झाला. व्याख्यानमालेत एक वक्ता असतो, येथे सहा असतात. श्रोत्यांची जागा मात्र बदलत नाही.

या आराखड्याचा एक ठळक दोष अखत्यारीच्या गोंधळात दिसतो. अशा सभांत नगरसेवकपदाच्या उमेदवाराला लोकल गाड्यांची गर्दी, पोलिसांची गस्त, झोपडपट्टी पुनर्वसन प्रकल्पातील विलंब, म्हाडाच्या इमारतींची दुरुस्ती असे प्रश्न विचारले जातात. यांतील एकही विषय थेट त्याच्या हातात नसतो. उमेदवार तरीही आश्वासन देतो, कारण 'हे माझे काम नाही' असे सांगणाऱ्याला टाळ्या मिळत नाहीत. याउलट जे महानगरपालिकेच्या कक्षेत येते, म्हणजे घाटकोपरचे राजावाडी किंवा बोरिवलीचे भगवती रुग्णालय, पालिकेच्या शाळा, पाणीवाटपाच्या वेळा, पर्जन्यजलवाहिन्या, अर्थसंकल्पातील विभागनिहाय तरतूद, त्यावरचे प्रश्न तुलनेने कमी येतात. १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमानुसार कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे आहेत, नगरसेवकाचे बळ सभागृहात आणि समित्यांत आहे, ही प्राथमिक गोष्टही सभेत क्वचितच सांगितली जाते. पदाची ओळख नसताना केलेली उमेदवाराची पारख अपुरीच राहते.

३. संवादात कोण असते?

एएलएमच्या पाठोपाठ महानगरपालिकेने झोपडपट्ट्यांसाठी 'दत्तक वस्ती योजना' आणली. दोन्ही योजनांचा विषय स्वच्छता हाच होता. नावे मात्र बोलकी आहेत. इमारतींतील रहिवाशांच्या वाट्याला 'व्यवस्थापन' आले आणि वस्त्यांच्या वाट्याला 'दत्तक' होणे आले. एका ठिकाणी नागरिक कर्ता आहे, तर दुसऱ्या ठिकाणी तो कोणाच्या तरी आश्रयाला आहे. २०११ च्या जनगणनेनुसार बृहन्मुंबईची सुमारे ४१ टक्के लोकसंख्या झोपडपट्ट्यांत राहते, हे लक्षात घेता हा भेद केवळ शब्दांचा राहत नाही.

पार्थ चटर्जी यांनी २००४ मधील 'द पॉलिटिक्स ऑफ द गव्हर्न्ड' या ग्रंथात 'नागरी समाज' आणि 'राजकीय समाज' असा भेद मांडला. हक्कांची भाषा बोलणारे नागरिक एकीकडे आणि शासनाशी वाटाघाटी करून आपले अस्तित्व टिकवणारे जनसमूह दुसरीकडे, हे त्याचे स्थूल स्वरूप. उपनगरातील संवादसभा बहुतांशी पहिल्या क्षेत्रात भरतात. त्यांचे स्थळ, वेळ आणि भाषा तिन्ही त्याची साक्ष देतात. संस्थेच्या बंद फाटकाआडच्या सभागृहात त्याच संस्थेत घरकाम करणारी स्त्री मतदार म्हणून येऊन बसत नाही. सायंकाळी सातची वेळ निवृत्तांना सोयीची असते. चर्चगेटहून बोरिवलीला किंवा मुंबई सीएसएमटीहून मुलुंडला परतणारा नोकरदार तेव्हा गाडीत उभा असतो आणि घरातील स्त्री स्वयंपाकघरात असते. सूत्रसंचालन इंग्रजीत झाले की मराठी, गुजराती वा हिंदी बोलणारा मतदार प्रश्न विचारण्याऐवजी ऐकून घेतो.

तथापि चटर्जींचा भेद जसाच्या तसा लावल्यास दुसरी चूक होते. वस्त्यांत संवाद नसतो, तेथे केवळ देवाणघेवाण असते, असा समज त्यातून बळावतो. वस्तुस्थिती तशी नाही. शिवसेनेच्या स्थापनेनंतर (१९६६) मुंबईत विणले गेलेले शाखांचे जाळे हे संवादाचेच एक रूप होते. शाखेबाहेरचा फळा वाचत उभे राहणे, दाखल्यासाठी वा नळजोडणीसाठी शाखेत जाऊन बसणे, यांतून कोणते काम कोणाकडे असते याचे ज्ञान वर्षभर मिळत असे. इतर पक्षांच्या कार्यालयांनीही कमी-अधिक प्रमाणात हेच केले. हे ज्ञान पक्षाच्या चौकटीत मिळते आणि त्याची परतफेड मताने अपेक्षित असते, ही त्याची मर्यादा. पण ते रोजच्या व्यवहारातून येते, हे त्याचे बळ होय. निःपक्ष नागरिक-सभा पाच वर्षांतून एकदा भरते आणि शाखा रोज उघडते. या स्पर्धेत पहिली मागे पडते, याचे कारण मतदाराच्या अज्ञानात शोधणे योग्य नव्हे.

स्त्रियांच्या संदर्भात आणखी एक प्रथा लक्षणीय आहे. २००७, २०१२ आणि २०१७ या तिन्ही वर्षी महानगरपालिकेचे मतदान फेब्रुवारीत झाले. त्यामुळे मकरसंक्रांत ते रथसप्तमी हा हळदी-कुंकवाचा काळ नेमका प्रचाराच्या तोंडावर आला. इच्छुक उमेदवारांनी वा त्यांच्या कुटुंबीयांनी आयोजित केलेली सार्वजनिक हळदी-कुंकवे हे उपनगरातील परिचित दृश्य आहे. तेथे दिले जाणारे वाण टीकेचा विषय होते आणि ते योग्यच आहे. शिवाय विधवांना दूर ठेवणारी मूळ रूढी अनेक ठिकाणी सैल झाली असली, तरी सर्वत्र मोडलेली नाही. असे असूनही पाणी किती वाजता येते, सार्वजनिक शौचालयाची देखभाल कोण करतो, मुलीच्या शाळेपर्यंतचा रस्ता सुरक्षित आहे का, यांविषयी स्त्रिया आपसात जितक्या मोकळेपणाने येथे बोलतात, तितक्या औपचारिक सभेत बोलत नाहीत. नागरिक-संघटनांनी या जागेला केवळ आमिषाचे ठिकाण म्हणून वगळले आणि ती जागा उमेदवारांच्या हाती राहिली. स्थानिक संस्थांतील निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव असताना हे वगळणे अधिकच खटकते.

४. जुहूचा प्रयोग : उमेदवाराच्या पारखीपासून निवडीपर्यंत

२००७ च्या निवडणुकीत अंधेरी तालुक्यातील जुहू परिसरात वेगळा प्रयोग झाला. पक्षांनी दिलेल्या उमेदवारांतून एकाची निवड करण्याऐवजी रहिवाशांनी आपसात विचारविनिमय करून स्वतःचा उमेदवार पुढे आणला. अॅडॉल्फ डिसोझा हे नागरिकांचे उमेदवार म्हणून उभे राहिले आणि निवडून आले.

या प्रयोगाचे महत्त्व विजयापेक्षा प्रक्रियेत आहे. येथे संवादाचा क्रम उलटला. उमेदवार आधी आणि प्रश्न नंतर असे न होता, कसा प्रतिनिधी हवा याची चर्चा आधी झाली. जुहूत बंगले, इमारती आणि झोपडवस्त्या एकमेकांना लागून आहेत. अशा परिसरात कोणत्याही एका थराच्या बळावर उमेदवार निवडून येणे कठीण असते. त्यामुळे संवादाला आपल्या नेहमीच्या वर्तुळाबाहेर जावेच लागले. मृणाल गोरे यांच्या काळातील प्रश्नकेंद्री बैठकीशी या प्रयोगाचे नाते जुळते ते याच ठिकाणी.

तरीही हा प्रयोग प्रथा का बनला नाही, याचे उत्तर केवळ नागरिकांच्या निरुत्साहात शोधता येणार नाही. त्यामागे संरचनात्मक कारणे आहेत. प्रभागांचे आरक्षण निवडणुकीपूर्वी सोडतीने ठरते. लोकसंख्येनुसार सीमा पुन्हा आखल्या जातात. पाच वर्षे एका प्रभागात संवाद जोपासावा आणि ऐन वेळी त्याचे दोन तुकडे होऊन शेजारच्या प्रभागांत जावेत, असे घडते. सामाजिक न्यायासाठी आरक्षण आवश्यक आहे, त्याविषयी दुमत असू नये. पण म्हणूनच संवाद व्यक्तीभोवती न बांधता प्रश्नांभोवती आणि कायमच्या व्यासपीठाभोवती बांधला पाहिजे, हा जुहूच्या अनुभवाचा धडा ठरतो. व्यक्ती बदलली तरी व्यासपीठ उरेल, अशी सोय तेथे कायद्याने उपलब्ध नव्हती.

५. कायद्यातील रिकामी जागा

प्रभाग समित्यांत स्वयंसेवी संस्थांचे तीनपर्यंत सदस्य नामनिर्देशित करण्याची तरतूद मुंबईच्या कायद्यात आहे. परंतु प्रशासकीय विभागांच्या संख्येहून कमी समित्या, आणि प्रत्येक समितीखाली लाखोंची लोकसंख्या, अशी रचना असल्याने सामान्य मतदाराला समिती दिसतच नाही. २००५ मध्ये सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनर्निर्माण अभियानाने राज्यांना लोकसहभागाचा कायदा करण्याची अट घातली. त्यानुसार महाराष्ट्राने २००९ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून क्षेत्रसभेची कल्पना स्वीकारली. ग्रामीण भागातील ग्रामसभेला समांतर अशी ही रचना होती. ती कागदावर आली, उपनगरातील गल्ल्यांपर्यंत आली नाही. ग्रामसभेचा ठराव ग्रामपंचायतीला विचारात घ्यावा लागतो. मुलुंडमधील नागरिक-सभेच्या ठरावाची नोंद घेण्यास मात्र कोणीही बांधील नसतो. जो संवाद ऐकण्याचे बंधन कोणावरच नाही, तो कितीही सुसंस्कृत असला तरी विनंतीअर्जाच्या पातळीवरच राहतो.

या रिकाम्या जागेची किंमत २०२२ नंतर स्पष्ट झाली. मार्च २०२२ मध्ये महानगरपालिकेची मुदत संपली आणि प्रशासकाची राजवट सुरू झाली. पुढील निवडणूक जानेवारी २०२६ मध्ये झाली. मधल्या काळात २०२३, २०२४ आणि २०२५ असे सलग तीन अर्थसंकल्प निर्वाचित सभागृहातील चर्चेविना मंजूर झाले. त्यांपैकी २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४ हजार कोटी रुपयांहून अधिक होता. नगरसेवकच नसल्याने निवडणूककेंद्री संवादाला धरायला आधारही उरला नाही. क्षेत्रसभा प्रत्यक्षात असती, तर प्रतिनिधीविना काही काळ का होईना नागरिकांचा आवाज नोंदला गेला असता. निवडणुकीवर अवलंबून असलेला संवाद निवडणूक लांबली की स्वतःही थांबतो, हे या चार वर्षांनी दाखवून दिले.

६. तयारीची सुरुवात कोठून?

महानगरपालिका निवडणुकीसाठी विधानसभेच्या मतदारयाद्या प्रभागनिहाय विभागल्या जातात. या विभागणीची प्रारूप यादी प्रसिद्ध होते, तीवर हरकती मागवल्या जातात आणि मगच ती अंतिम होते. २०२५ च्या अखेरीस मुंबईच्या प्रारूप यादीतील दुबार नावांचा प्रश्न गाजला, तो याच टप्प्यावर. एका इमारतीतील निम्मी नावे शेजारच्या प्रभागात जाणे, पुनर्विकासामुळे संक्रमण शिबिरात गेलेल्या कुटुंबाचे नाव जुन्या पत्त्यावर राहणे वा वगळले जाणे, विवाहानंतर मुंबईत आलेल्या स्त्रीचे नाव यादीत नसणे, या उपनगरातील नित्याच्या अडचणी आहेत.

मतदानाच्या दिवशी केंद्रावरून परत पाठवलेल्या मतदाराच्या दृष्टीने उमेदवारांच्या शपथपत्रांवरील चर्चा निरर्थक ठरते. तरीही संवादसभा बहुधा उमेदवारी अर्जांच्या छाननीनंतर भरतात. तेव्हा याद्या अंतिम झालेल्या असतात. प्रारूप यादीचे सामूहिक वाचन हा संवादाचा पहिला टप्पा मानला गेला, तर संवादाचे स्वरूप आपोआप बदलेल. यादी वाचण्यासाठी इंग्रजी वक्तृत्व लागत नाही. ती वाचताना इमारत आणि तिच्या मागची वस्ती एकाच कागदावर येतात. कोण येथे राहतो आणि कोणाची नोंद नाही, हे शेजाऱ्यालाच ठाऊक असते.

येथे एक आक्षेप संभवतो. मतदानाची टक्केवारी वाढली, म्हणजे संवाद यशस्वी झाला, असे अनेकदा म्हटले जाते. २०१२ मध्ये मुंबईत सुमारे ४५ टक्के मतदान झाले होते, ते २०१७ मध्ये सुमारे ५५ टक्क्यांवर गेले. परंतु २०१७ मध्ये पूर्वीचे मित्रपक्ष स्वतंत्रपणे लढले आणि स्पर्धा तीव्र झाली, हे कारण दुर्लक्षिता येत नाही. टक्केवारी उपस्थिती मोजते, तयारी मोजत नाही. मतदाराला आपल्या प्रतिनिधीकडून पुढील पाच वर्षांत नेमके काय मागायचे हे ठाऊक आहे का, ही तयारीची खरी कसोटी होय.

समारोप

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या घटना समितीतील भाषणात राजकीय समता आणि सामाजिक-आर्थिक विषमता यांतील विसंगतीकडे लक्ष वेधले होते. मत सर्वांचे सारखे, पण जीवनातील मोल सारखे नाही, ही ती विसंगती. उपनगरातील निवडणूकपूर्व संवाद या विसंगतीच्या मधोमध उभा आहे. मतदानकेंद्रावर घरमालकीण आणि तिच्या घरी काम करणारी स्त्री एकाच रांगेत उभ्या राहतात. मतदानापूर्वीच्या चर्चेत मात्र त्या एका खोलीत बसत नाहीत. या प्रथेची सर्वांत मोठी उणीव हीच आहे.

वरील विवेचनातून तीन निष्कर्ष निघतात. पहिला, संवादाचा केंद्रबिंदू उमेदवाराकडून पदाकडे आणि प्रश्नाकडे वळला पाहिजे. गोरेगावची जुनी परंपरा आणि जुहूचा प्रयोग यांत त्याचे नमुने उपलब्ध आहेत. दुसरा, संवादाची स्थळे, वेळा आणि भाषा ठरवताना जे आज अनुपस्थित आहेत त्यांचा विचार आधी झाला पाहिजे. शाखा आणि हळदी-कुंकू या जागांवर केवळ टीका करून भागणार नाही. तेथे लोक का जातात, हे समजून घ्यावे लागेल. तिसरा, क्षेत्रसभेला प्रत्यक्ष रूप मिळेपर्यंत नागरिकांचा संवाद सद्भावनेवर आणि योगायोगावर अवलंबून राहील.

२०२६ ची निवडणूक पार पडली आहे. प्रचलित प्रथेनुसार नागरिक-संवादाची गरज आता पुढील निवडणुकीपर्यंत संपली. प्रस्तुत समीक्षेच्या दृष्टीने ती गरज आता सुरू होते, कारण मतदाराची खरी तयारी दोन निवडणुकांच्या मधल्या काळातच होत असते.